वाचकांचे प्रश्न : गावच्या संग्रहालयात आधी वही, मग वस्तू

प्रश्न : बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावात पटसंख्येअभावी बंद पडलेल्या मराठी शाळेच्या दोन खोल्या ग्रामपंचायतीने युवक मंडळाला वापरायला दिल्या. तेथे आम्ही गावातील जुन्या वस्तूंचे संग्रहालय सुरू केले आहे. पगारी माणूस कोणी नाही. आम्ही दोन निवृत्त शिक्षक, अंगणवाडीच्या एक ताई आणि काही तरुण आळीपाळीने रविवारी खोल्या उघडतो. सुरुवातीला लोकांनी हौसेने वस्तू आणून दिल्या. आता ठेवायला जागा उरलेली नाही, पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि लाकडी सामानाला कीड लागली आहे. त्यातच एका घराने ‘आमच्या आजोबांची पितळी पायली परत द्या’ असा निरोप पाठवला आहे. आमच्याकडे सारख्या दिसणाऱ्या तीन पायल्या आहेत; त्यांतली त्यांची कोणती, हे आम्हाला सांगता आले नाही. पुढे काय करावे?
— एक निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : ओल, कीड आणि जागेची टंचाई या अडचणी खऱ्या आहेत, परंतु त्यांवर उपाय आहेत. तीन पायल्यांपैकी कोणती कोणाच्या घरातली, हे सांगणारी पिढी एकदा गेली की त्यावर मात्र उपाय नाही. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, येत्या दिवाळीपर्यंत एकही नवी वस्तू घेऊ नये आणि तोवरचा प्रत्येक रविवार आहे त्या वस्तूंची नोंद करण्यासाठी राखून ठेवावा. कोणी आग्रहाने काही देऊ केले, तर त्यांचे नाव लिहून घ्यावे आणि वस्तू तूर्त त्यांच्याच घरी सांभाळायला सांगावी. कितीतरी गावांत अशा खोल्या उभ्या राहतात आणि काही वर्षांत अडगळीसारख्या होतात. वस्तू फार झाल्या म्हणून असे होत नाही. कोणत्याच वस्तूला स्वतःची हकीकत उरत नाही, म्हणून होते. नाव, घर, वापर आणि काळ यांची नोंद असलेला एक फुटका रांजण हा गावचा इतिहास आहे, आणि नोंद नसलेला चकचकीत हंडा भांड्यांच्या दुकानातही मिळतो.

नोंदवही जाड पुठ्ठ्याची, शिवलेली आणि पानांवर क्रमांक घातलेली असावी. सुटी पाने लावायची फाईल या कामाला चालत नाही, कारण तिच्यातले पान काढले तरी कोणाला कळत नाही. एका वस्तूला एकच क्रमांक द्यावा, आणि वस्तू परत गेली किंवा मोडली तरी तो क्रमांक दुसऱ्या वस्तूला देऊ नये. चुकलेल्या मजकुरावर एक सरळ रेघ मारावी आणि बाजूला सही करावी. खाडाखोड करू नये. वर्ष आणि त्या वर्षातील अनुक्रम, म्हणजे २०२५/१, २०२५/२, अशी पद्धत आपल्यासारख्या लहान संग्रहाला पुरेशी आहे. तोच क्रमांक वस्तूवरही हवा. लाकूड आणि धातू यांवर न दिसणाऱ्या बाजूला रंगहीन लॅकरचा छोटा पट्टा ओढून, तो वाळल्यावर त्यावर बारीक शाईने क्रमांक लिहावा. कापडाला सुती फितीवर क्रमांक लिहून ती फीत दोन सैल टाक्यांनी जोडावी, आणि कागदावर मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात लिहावे. डिंकाची चिठ्ठी चिकटवू नये. डिंक सुकला की ती गळून पडते, आणि खाली सापडलेली चिठ्ठी कोणत्या वस्तूची, हा नवा प्रश्न उभा राहतो. शेवटी प्रत्येक वस्तूचे क्रमांकासह छायाचित्र घ्यावे आणि वहीची एक प्रत गावातच, पण दुसऱ्या घरी ठेवावी.

नोंद कशी असावी, हे नियम सांगण्यापेक्षा नमुन्यातून लवकर समजेल. आपल्याकडे मोट असेल असे धरून चालतो, कारण विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरीवरचे पाणी मोटेनेच उपसले जाई. ‘चामड्याची मोट, एक’ एवढी नोंद निरुपयोगी आहे. ती अशी असावी : ‘२०२५/१४. मोट, चामड्याची, सोंडेसह. तोंडाला लोखंडी कडे, गंजलेले. सोंडेवर दोन ठिगळे. ठिगळांची शिवण मूळ शिवणीपेक्षा जाड वादीची आहे, म्हणजे दुरुस्ती दुसऱ्या हाताची असावी. नाडा आणि सोंदूर सोबत नाहीत. देणाऱ्यांच्या म्हणण्यानुसार घरामागच्या विहिरीवर वीजपंप बसेपर्यंत वापरात होती. धावेवर शेवटची बैलजोडी त्यांचे थोरले चुलते हाकत. मोट शिवणाऱ्या कारागिराचे घर गावात कोणते, हे विचारायचे आहे.’ या नोंदीत पाहिलेले, ऐकलेले आणि अंदाजाने लिहिलेले असे तीन प्रकारचे मजकूर आहेत, आणि कोणता मजकूर कोणत्या प्रकारचा, हे वाचणाऱ्याला स्पष्ट दिसते. हे वेगळेपण कटाक्षाने पाळावे. ‘तीनशे वर्षांपूर्वीची’, ‘शिवकालीन’, ‘राणी चन्नम्मांच्या सैन्यातली’ असली विशेषणे पुरावा हाती नसताना लिहू नयेत. कित्तूरचे १८२४ चे युद्ध आणि संगोळ्ळी रायण्णांना १८३१ मध्ये नंदगड येथे दिलेली फाशी या आपल्याच परिसरातल्या घटना असल्यामुळे प्रत्येक जुन्या पात्याचे नाते त्यांच्याशी जोडण्याचा मोह होतो. तो मोह आवरला नाही, तर संग्रहातील खऱ्या वस्तूंवरचाही लोकांचा विश्वास उडतो.

मोटेच्या नोंदीतील शेवटच्या वाक्याकडे आपले विशेष लक्ष वेधतो. गावची संग्रहालये बहुधा वाड्यांच्या वस्तूंनी भरतात : पालखीचा दांडा, तलवार, पितळी समया, बैठकीचा लोड. मोट शिवणाऱ्याची आरी, बुरुडाचा सुरा, कुंभाराचा फिरका, भातलावणीच्या बाईच्या डोक्यावरचे इरले, शेतमजुराचे घोंगडे यांना तेथे जागा मिळत नाही. एक तर त्या घरांकडे मागायला कोणी जात नाही आणि दुसरे म्हणजे आपल्याकडेही ठेवण्यासारखे काही आहे, असे त्या घरांना कोणी जाणवू दिलेले नसते. दिवाळीनंतर पुन्हा वस्तू घ्यायला लागाल, तेव्हा सुरुवात या घरांपासून करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२५ साली निपाणीत प्रांतिक बहिष्कृत परिषद घेतली. त्या काळच्या आठवणी, छायाचित्रे, सभांची पत्रके आपल्या भागातील वस्त्यांमध्ये कोणी जपली आहेत का, याचा शोध गावच्या संग्रहालयाने घ्यायचा नाही, तर कोणी घ्यायचा?

आता पायलीविषयी. त्या घरातील वडीलधाऱ्यांना बोलावून तिन्ही पायल्या त्यांच्यासमोर ठेवाव्यात. त्यांनी तळावरचा ठोका, काठाचा पोचा किंवा कोरलेले अक्षर पाहून ओळख पटवली, तर वस्तू त्यांच्या स्वाधीन करावी, तिचे छायाचित्र आणि माहिती मात्र वहीत राहू द्यावी. लेखी देणगीपत्र नसताना हक्क सांगत बसणे गावात शोभत नाही, आणि एका पायलीपायी दहा घरांची दारे बंद होतात. यापुढे प्रत्येक वस्तूबरोबर एका पानाचे पत्र घ्यावे. वस्तू कायमची दिली की ठेव म्हणून दिली, ठेव असेल तर किती वर्षांसाठी, परत मागण्याचा अधिकार घरातील कोणाला, आणि संग्रहालय बंद पडले तर वस्तू कोठे जावी, एवढे त्यात स्पष्ट असावे. शेवटचा मुद्दा लिहायला लोकांना जड जाते, तरी तो लिहावाच.

ओलीच्या बाबतीत खानापूरचा पश्चिम भाग कठीण आहे. कणकुंबी, आमगाव या पट्ट्यात पावसाळ्यात जो पाऊस कोसळतो, त्यात कौलारू खोली कोरडी राहणे शक्य नाही. तेव्हा खोली कोरडी करण्याच्या खटपटीपेक्षा वस्तू ओलीपासून दूर ठेवाव्यात. एकही वस्तू जमिनीवर नको आणि एकही भिंतीला टेकलेली नको. मागे चार बोटे हवा खेळती राहिली पाहिजे. मे महिन्यात कौले फिरवून घ्यावीत. कागद आणि कापड पावसाळ्याचे चार महिने एखाद्या कोरड्या माडीवर हलवावे आणि वहीत तशी नोंद करावी. लाकडाखाली काळा कागद अंथरून ठेवला, तर सकाळी त्यावर पिठासारखी ताजी भुकटी पडली आहे का ते पाहता येते. ती दिसली तर कीड जिवंत आहे, आणि ती वस्तू ताबडतोब इतरांपासून वेगळी करावी. घोंगडी आणि लुगडी यांना कसर लागली असेल, तर हवा काढून घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ती उणे १८ अंशांच्या शीतपेटीत दोन आठवडे ठेवावीत आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर उघडू नये. आइस्क्रीमवाल्यांकडे अशी पेटी असते, आणि गावच्या कामाला ते सहसा नाही म्हणत नाहीत. पितळ चिंचेने घासू नये, लोखंडाला गोडेतेल लावू नये, आणि मोटेच्या चामड्याला तर कोणतेच तेल लावू नये. वस्तू नवी दिसावी म्हणून केलेल्या सफाईत तिच्या अंगावरच्या वापराच्या खुणा जातात, आणि त्या खुणांसाठीच तर आपण ती ठेवतो.

प्रश्न : आमच्या संग्रहालयासाठी एका घराने तलवार आणि सांबराची शिंगे दिली आहेत. शिवाय गावाबाहेरच्या शेतात एक कोरीव दगड उभा आहे; त्यावर लढणारी माणसे आणि वर शिवलिंग आहे. तो ट्रॅक्टरने आणून दारात बसवावा, असे तरुणांचे म्हणणे आहे. कायद्याची काही अडचण येईल का?
— एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर : अडचण येईल, आणि शिंगांच्या बाबतीत ती सर्वांत लवकर येईल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अशा वस्तू मालकी प्रमाणपत्राशिवाय बाळगणे गुन्हा आहे. जुन्या घरांतील शिंगे, कातडी, वाघनखे जाहीर करण्यासाठी सरकारने २००३ साली मुदत दिली होती, ती केव्हाच संपली. त्या घराकडे प्रमाणपत्र नसेल, तर त्यांनी स्वतः वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारणे हा सरळ मार्ग आहे. संग्रहालयाने ती शिंगे दारातही घेऊ नयेत. शिकारीच्या काळाची आठवण हवी असेल, तर घरातील वृद्धांची मुलाखत आणि दिवाणखान्याचे जुने छायाचित्र पुरेसे आहे.

तलवार शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते. तिचे वर्णन, लांबी आणि छायाचित्र यांसह पोलीस ठाण्याला लेखी अर्ज द्यावा, परवान्याची गरज आहे का ते विचारावे, मिळालेले उत्तर नोंदवहीला जोडावे आणि तलवार कुलपाच्या काचपेटीतच ठेवावी. यात्रेत मिरवणुकीला ती उसनी देण्याचा आग्रह होईल. तो मानू नये.

शेतातील दगड आपल्या वर्णनावरून वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, दिसतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगापुढे बसलेला वीर, माथ्यावर सूर्य-चंद्र, अशी त्याची नेहमीची मांडणी असते. तो जेथे उभा आहे तेथेच राहू द्यावा. वीरगळ कोणत्या शिवेवर, कोणत्या वाटेच्या तोंडाशी आहे, यावरून तेथे कशासाठी लढाई झाली असेल याचा तर्क करता येतो. गुरे पळवून नेणाऱ्यांना अडवताना पडलेल्या गावकऱ्याच्या दगडाची जागा आणि गढीसाठी लढलेल्या सरदाराच्या दगडाची जागा वेगळी असू शकते. दगड हलवला की हा पुरावा कायमचा पुसला जातो. त्याला तेल, शेंदूर, ऑइलपेंट, सिमेंट यांपैकी काहीही लावू नये. त्यावर अक्षरे असतील, तर खडू फिरवून ती ठळक करण्याऐवजी सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्रे घ्यावीत. अक्षरे आपोआप उठून दिसतात. ही छायाचित्रे आणि जागेचा नकाशा कर्नाटकच्या पुरातत्त्व, संग्रहालये आणि वारसा खात्याला पाठवावा. कोरीव लेख वाचण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची म्हैसूर येथील पुरालेख शाखा आहे, आणि धारवाडच्या कन्नड संशोधन संस्थेतही या विषयाचा मोठा अभ्यास झालेला आहे. आपल्या संग्रहालयात वीरगळाचे मोठे छायाचित्र आणि तेथवर जाण्याची वाट दाखवणारा फलक लावावा, म्हणजे पाहुणे खोलीतून निघून शेतापर्यंत जातील.

दोन कायदे आणखी लक्षात असावेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित पुरावस्तू ठरते. अशा प्रत्येक वस्तूची नोंदणी सक्तीची नाही, परंतु दगडी, धातूच्या आणि मातीच्या मूर्तिशिल्पांची नोंदणी करावी लागते. तसेच नांगरताना किंवा पाया खणताना नाणी, दागिने, ताम्रपट असे काही निघाले, तर कर्नाटकच्या १९६२ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे प्रशासनाला कळवणे बंधनकारक आहे. ही तरतूद अनेकांना जाचक वाटते. मात्र आपल्याच तालुक्यांत काय सापडू शकते, हे ध्यानात घ्यावे. हलशीजवळ चक्रतीर्थ नावाच्या विहिरीशेजारच्या ढिगाऱ्यात एकोणिसाव्या शतकात कदंब राजांचे ताम्रपट मिळाले, आणि त्यांतून पाचव्या-सहाव्या शतकात हलशीचे नाव पलाशिका होते आणि तेथे जैन मंदिरांना दाने दिली जात होती, हे जगाला कळले. ते ताम्रपट कोणी वितळवून तांबे म्हणून विकले असते, तर खानापूर तालुक्याच्या इतिहासातील कित्येक पिढ्या कोऱ्या राहिल्या असत्या.

प्रश्न : माझ्या सासरी पूर्वी कुलकर्णीपण होते. माळ्यावर लाल फडक्यात बांधलेले मोडी कागद आहेत. घरात कोणालाच ते वाचता येत नाहीत. गावच्या संग्रहालयाने ते मागितले आहेत. द्यावेत का, आणि तोपर्यंत सांभाळावेत कसे?
— एक वाचक भगिनी, निपाणी परिसर

उत्तर : ताई, आपण हे कागद रद्दीत न घालता विचारणा केली, याचा मला मनापासून आनंद झाला. परगणे आणि कुलकर्णी वतने मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने रद्द केली. आपला भाग तेव्हा मुंबई राज्यातच असल्याने तो कायदा येथेही लागू झाला. वतन गेले आणि स्वातंत्र्यानंतर शाळेतून मोडीही गेली, त्यामुळे ही दप्तरे एकाच वेळी निरुपयोगी आणि अवाचनीय ठरली. कित्येक घरांत ती पावसाच्या गळतीखाली कुजली किंवा बंबात गेली.

फडक्यातल्या त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. रुमाल सोडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि सोडल्यावर कागदांचा क्रम बिघडू देऊ नये, कारण एकत्र बांधलेले कागद बहुधा एकाच प्रकरणाचे असतात. जुने फडके वेगळे जपून नव्या, धुतलेल्या, बिनारंगी सुती कापडात रुमाल पुन्हा बांधावा. सेलोटेप, लॅमिनेशन, स्टेपलरची पिन यांना कटाक्षाने दूर ठेवावे. चिकटलेले कागद ओढून सुटे करू नयेत. प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र खिडकीच्या उजेडात, पण थेट ऊन न पडू देता, मोबाईल सरळ वर धरून घ्यावे. पाठीवरची एखादी ओळ किंवा शिक्का पुष्कळदा मजकुराइतकाच बोलका असतो.

वाचता येत नसले, तरी काळाचा अंदाज आपल्यालाही बांधता येईल. मुद्रांकावर व्हिक्टोरिया राणीचे चित्र असेल, तर तो मुद्रांक बहुधा १९०१ च्या सुमारास किंवा त्यापूर्वी छापलेला असावा. शके दिले असेल तर त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवावेत, फसली सन असेल तर पाचशे नव्वद, आणि सुहूर सन असेल तर पाचशे नव्याण्णव. वर्षारंभ वेगवेगळे असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तेवढा गृहीत धरावा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून या क्षेत्रात आहे, आणि महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाचे कार्यालय कोल्हापुरातही असल्याने निपाणीहून एका दिवसात जाऊन येता येते. मोडी जाणणारी माणसे अशा ठिकाणी भेटतात. तथापि माझी सूचना अशी आहे की, संग्रहालयातील दोन-तीन मुलामुलींनी मोडी शिकूनच घ्यावी. लिपी काही महिन्यांच्या सरावाने येते, आणि शिकलेली मुले शेजारच्या गावांचीही दप्तरे वाचू शकतात. धारवाड-विजापूरकडच्या कन्नड घरांतही मोडी कागद आहेत, त्यांनाही अशा वाचकांची गरज आहे.

मूळ कागद मात्र इतक्यात देऊ नका. संग्रहालयाला आधी छायाचित्रांचा संच द्यावा. त्यांची खोली कोरडी आहे, नोंदवही नीट आहे आणि कपाटाला कुलूप आहे, याची खात्री पटली की मूळ कागद ठेव म्हणून द्यावेत. आणखी एक काळजी घ्यावी लागेल. या दप्तरांत जमिनींचे वाद, कर्जे, बिगारीच्या नोंदी, जातींचे उल्लेख असतात, आणि त्या घरांचे वंशज गावातच राहतात. संशोधकाला सर्व पाहू द्यावे, पण भिंतीवर काय लावायचे हे ठरवताना कोणाच्या आजोबांचे कर्जखत जत्रेच्या गर्दीपुढे टांगले जाणार नाही, हे पाहावे. शाळेच्या जनरल रजिस्टरलाही हाच नियम लागू आहे.

आपल्या गावाविषयी सरकारी कागद शोधायचे झाल्यास, ते गाव १९४८ पूर्वी कोणाच्या अमलाखाली होते, हे आधी तपासावे. बेळगाव जिल्हा आज नकाशावर सलग दिसतो, परंतु तेव्हा इंग्रजी मुलूख आणि संस्थानी गावे एकमेकांत मिसळलेली होती. बेळगावला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात होते, रायबाग कोल्हापूर संस्थानात होते. चंदगड याउलट १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते. त्यामुळे एका गावचे कागद बेळगावात, शेजारच्या गावचे कोल्हापुरात आणि इनामांच्या चौकशीचे पुण्यात, असे घडते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ साली निघालेला एकविसावा खंड बेळगाव जिल्ह्याचा आहे. शोधाची सुरुवात त्यापासून करणे सोयीचे पडते.

प्रश्न : माहितीचे फलक कोणत्या भाषेत असावेत, यावरून आमच्या मंडळात मतभेद आहेत. सीमालढ्याची पत्रके आणि छायाचित्रे लावावीत की वाद नको म्हणून वगळावीत, याबद्दलही एकमत होत नाही.
— एक कार्यकर्ती, बेळगाव परिसर

उत्तर : बाहेरचा नामफलक आणि आतील माहिती यांचा विचार वेगळा करावा. संस्थांच्या नामफलकावर साठ टक्के कन्नड असावी, असा नियम राज्यात २०२४ पासून आहे. तो पाळावा आणि उरलेल्या जागेत मराठी नाव सुबक लिहावे. आत मात्र प्रत्येक वस्तूला मराठी आणि कन्नड असे दोन्ही मजकूर शेजारी शेजारी, सारख्या आकारात द्यावेत, असे माझे ठाम मत आहे. आपल्या गावांत सोयरिकी, बाजार, देवस्थाने दोन्ही भाषांत चालतात, आणि कुरी, कुळव, कणगी, जाते या वस्तू दोन्ही घरांत सारख्याच राबल्या आहेत. कन्नड मजकूर गावातीलच कन्नड जाणकाराकडून लिहून घ्यावा. त्या निमित्ताने तेही संग्रहालयाचे कार्यकर्ते होतील.

सीमालढा वगळू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर राज्यात गेला, त्याआधी १७ जानेवारीला गोळीबार झाला आणि त्या हुतात्म्यांना आजही दर वर्षी अभिवादन केले जाते, १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातही माणसे गेली, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. ज्या पिढ्यांनी हे सर्व सोसले, त्यांच्या गावच्या संग्रहालयात हा काळ कोरा ठेवला, तर बाकीच्या भिंतींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. तथापि संग्रहालयाची पद्धत सभेपेक्षा वेगळी असते. पत्रक लावावे, त्याखाली ते कोठे छापले गेले, कोणाच्या घरात राहिले, हे लिहावे. तुरुंगात गेलेल्या आजोबांची मुलाखत ध्वनिमुद्रित करावी, आणि घरी राहून शेत व मुले सांभाळणाऱ्या आजींचीही करावी, कारण त्यांना हे आजवर कोणी विचारलेले नाही. त्या वर्षांत शेजारच्या कन्नड कुटुंबाने काय पाहिले, काय सोसले, हेही त्यांच्याच शब्दांत घ्यावे. फलकावर विशेषणे कमी आणि तारखा अधिक असाव्यात. एखाद्या आठवणीत तारीख चुकली असेल, तर आठवण तशीच ठेवून कंसात कागदोपत्री तारीख द्यावी. सांगणाऱ्याला खोडून काढू नये.

मुलाखतींचे काम लांबणीवर टाकू नये, एवढे यानिमित्ताने सर्वच वाचकांना सांगतो. प्लेगमध्ये गाव सोडून माळावर झोपड्या घातल्याच्या आणि १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीच्या, हकीकती आता दुसऱ्या तोंडूनच ऐकायला मिळतात. १९६७ च्या डिसेंबरातील कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, निपाणीच्या वखारीतले तंबाखूचे काम, जात्यावरच्या ओव्या हे अजून पहिल्या तोंडून मिळू शकते.

प्रश्न : संस्था नोंदवावी का? खर्च कसा भागवावा?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : नोंदवावी. कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली किमान सात सभासद लागतात. जागा ग्रामपंचायतीची असल्यास ठराव आणि वापराची मुदत लेखी घ्यावी, कारण पंचायत बदलली की तोंडी शब्द राहत नाही. किल्ल्या दोन घरांत असाव्यात. खर्च मुख्यतः कौले, कपाटे आणि कागद यांचा असतो. तो गावातून आणि मुंबई-पुण्याकडे गेलेल्या गावकऱ्यांकडून भागतो, मात्र हिशेब दर वर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावा. मोठ्या देणगीसाठी संग्रहालयाला कोणाचे नाव देण्याची घाई करू नये.

प्रश्न : उद्घाटनाला गर्दी झाली. त्यानंतर रविवारी दोन-चार मुले सोडली तर कोणी फिरकत नाही. कार्यकर्त्यांचाही उत्साह ओसरला आहे. लोकांना कसे आणावे?
— एक तरुण कार्यकर्ता, खानापूर तालुका

उत्तर : गावातील लोक आपल्याच घरची वस्तू पाहायला पुन्हा पुन्हा येत नाहीत, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना पाहण्यासाठी बोलावण्याऐवजी कामासाठी बोलवा. गावची महालक्ष्मी यात्रा असेल, तेव्हा माहेरवाशिणी येतात, परगावी स्थायिक झालेली कुटुंबे येतात. त्या दिवसांत संग्रहालय सकाळपासून रात्रीपर्यंत उघडे ठेवावे आणि मधोमध एक मोठे टेबल मांडावे. ज्या छायाचित्रांतील माणसे ओळखू येत नाहीत, त्यांच्या मोठ्या प्रती त्यावर पसरून ठेवाव्यात : शाळेचा जुना गट, भजनी मंडळ, लग्नाची पंगत, गुऱ्हाळावरची मंडळी. बायका त्यांवर वाकून नावे सांगू लागतात, एकीने सांगितलेले दुसरी दुरुस्त करते, कोणी घरी जाऊन आणखी एक फोटो घेऊन येते. शेजारी एका कार्यकर्त्याने वही घेऊन बसावे आणि कोणी काय सांगितले, ते सांगणाऱ्याच्या नावासह टिपावे. दोघींचे म्हणणे जुळत नसेल, तर दोन्ही लिहावे.

वर्षातून एकदाच एक नवा विषय मांडावा, उदाहरणार्थ ‘भात : पेरणीपासून कणगीपर्यंत’ किंवा ‘आमची शाळा’, आणि बाकीच्या वस्तू कपाटात विश्रांतीला ठेवाव्यात. सगळे एकदम मांडले की काहीच दिसत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे पाहताना माणूस तासभर रेंगाळतो, कारण एकाच वस्तूची अनेक रूपे तेथे शेजारी शेजारी लावलेली आहेत. कणेरीच्या मठातील ग्रामजीवनाचे पुतळे पाहून आपल्याकडेही तसे करावे, असे अनेकांना वाटते. पण तो खर्च आपल्याला झेपणारा नाही आणि गरजेचाही नाही, कारण आपल्याकडे वस्तू वापरलेली माणसे अजून आहेत. शाळेतील मुलांना रविवारी वस्तू दाखवण्याऐवजी प्रत्येकाला नोंदवहीतील एका वस्तूचा क्रमांक नेमून द्यावा, आणि त्या वस्तूविषयी घरातील व गल्लीतील वडीलधाऱ्यांना विचारून पुढच्या रविवारी एक पान लिहून आणायला सांगावे. ती पाने मुलांच्या नावांसह नोंदवहीच्या पुरवणीत लावावीत. कार्यकर्ते थकले असतील, तर दर रविवारचा हट्ट सोडून महिन्यातून दोन रविवार ठरवावेत, पण ठरलेल्या वेळी दार उघडेच असले पाहिजे, आणि कोणत्या रविवारी कोणाची पाळी, हे दारावर दोन्ही भाषांत लावलेले असावे.